डावीकडचा खांब

३० ऑक्टोबर, रविवार

पुलाजवळ पोलिसाने गाडी अडवली. लायसन्स मागितलं. दाखवलं. म्हणाला, अम्मा, हे संपून चौदा महिने झाले. मी म्हटलं, तुमच्या खात्याची लाज संपून किती वर्षं झाली ते आधी सांग. वीस मिनिटं त्याला या देशातल्या लाचखोरीवर सुनावलं. मागे तीन बसगाड्या हॉर्न वाजवत होत्या. शेवटी त्यानेच हात जोडले. अम्मा, जा, पण आता लायसन्स काढल्याशिवाय या पुलावर दिसू नका.

एक पैसाही दिला नाही. काजूची पुडी दिली, कारण तो उपाशी दिसत होता.

किन्निगोळीला सिस्टरांच्या वृद्धाश्रमात पोचायला उशीर झाला. माझी बहीण सेव्हरिन फाटकाशीच उभी होती, हातात जपमाळ. सगळी हकिगत सांगितली आणि तिच्यादेखत शपथ घेतली: आज घरी पोचले की नवं लायसन्स हातात येईपर्यंत गाडी पुलावर घालणार नाही, आणि ते नाताळच्या आत, कोणालाही एक छदाम न देता मिळवीन. नाताळ यंदा रविवारीच आहे. त्या दिवशी तिला गाडीत घालून मुल्कीला समुद्रावर नेणार. तीन वर्षं झाली, तिने समुद्र पाहिलेला नाही.

सेव्हरिनचा चेहरा उतरला. म्हणाली, युली, बसने ये ना, काय बिघडतं? रास्किन्हांच्या मुली बसने कधी गेल्या नाहीत, हे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती विसरत चालली आहे.

१ नोव्हेंबर, मंगळवार

सर्व संतांचा सण. संकल्पाला चांगला दिवस.

आरटीओत स्वतः जायचं. एजंट नाही. ओळख नाही. टेबलाखालून काही नाही. अडतीस वर्षं पालिकेच्या परवाना विभागात काढली, कोणाच्या चहाचा कप ओठाला लावला नाही. दर शुक्रवारी घरी मासे यायचे, ते वेगळं. ते कंत्राटदार बाळिगाचं प्रेम होतं. मी निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्याचं प्रेम कसं आटलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. माणसं बदलतात.

मदर क्लोटिल्ड आम्हाला वर्गात सांगायच्या, सरळ ओळीत लिहिणारी मुलगी सरळ ओळीत जगते. माझं अक्षर अजून सरळ आहे. हल्ली ओळ डावीकडे जरा खाली उतरते, पण हा वह्यांचा दोष. कागद पूर्वीचा राहिला नाही.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

मेडिकल सर्टिफिकेटसाठी डॉक्टर ऑस्करकडे गेले. बाहेर एकोणीस पेशंट. मी सरळ आत गेले, मी त्याची धर्ममाता आहे. तो म्हणाला, युलीबाय, डोळे तपासावे लागतील. मी म्हटलं, ऑस्कर, बाप्तिस्म्याच्या वेळी तू माझ्या रेशमी साडीवर काय केलंस ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बाहेर एकोणीस माणसं बसली आहेत. त्याने सही केली.

द्राक्षाच्या वाइनची बाटली दिली. नाताळला देतेच. यंदा जरा आधी.

संध्याकाळी सेव्हरिनचा फोन. महिन्याचा पहिला शुक्रवार, म्हणून आपल्या चर्चचे गायक आश्रमात येऊन गेले. विल्फी फार सुरेख गायला म्हणे. हा विल्फी क्रास्ता रविवारी देवाच्या दारात गातो आणि सोमवार ते शनिवार आरटीओच्या दारात टेबल टाकून एजंटगिरी करतो. मी त्याला धर्मशिक्षण दिलं आहे. माझ्या आयुष्यातलं ते एकमेव अपयश.

१० नोव्हेंबर, गुरुवार

ड्रायव्हिंग टेस्ट. लायसन्स संपून वर्ष उलटलं की पुन्हा द्यावी लागते. अठ्ठेचाळीस वर्षं गाडी चालवणाऱ्या बाईची परीक्षा! पहिलं लायसन्स मला चौऱ्याहत्तर साली मिळालं, तेही कसं निर्मळ. पप्पांनी इन्स्पेक्टरकडे आंब्यांच्या दोन करंड्या पाठवल्या होत्या, तेवढ्यावरून त्याने माणूस ओळखला आणि टेस्ट घेतलीच नाही. तेव्हा माणसावर विश्वास होता.

नवा इन्स्पेक्टर गट्टी नावाचा. पस्तिशीचा, काडीसारखा, खिशाला एकच पेन. हसत नाही. मी कँटीनमधून चहा मागवला, तर म्हणाला, नको मॅडम, ड्युटीवर घेत नाही. तिथेच ओळखलं. मोठे मासे चहाला तोंड लावत नाहीत.

मैदानात खांब रोवून आठचा आकडा केलेला. त्यातून गाडी न्यायची. नेली. उजवीकडचा एकही खांब हलला नाही. गट्टी म्हणाला, मॅडम, डावीकडचे तीन पडले. मी म्हटलं, तुमचे खांबच कच्चे. कोणाला दिलं होतं टेंडर?

नापास.

घरी येऊन गुलाबीला सांगितलं. गुलाबी माझ्याकडे बावीस वर्षं कामाला आहे, आणि त्या हक्काने तिची जीभ सैल सुटली आहे. म्हणाली, बाय, आपल्या फाटकाचा डावीकडचा खांबही गणपतीच्या आधी तुम्हीच पाडलात, त्याचं टेंडर कोणाला होतं?

तो खांब पालिकेने रस्ता करताना आत सरकवला आहे. मी तक्रार करणार आहे.

१४ नोव्हेंबर, सोमवार

अंगणात सराव. गुलाबीने बादल्या मांडून आठचा आकडा केला. डावीकडच्या दोन बादल्या फुटल्या. हल्लीचं प्लास्टिक.

गुलाबीची कोंबडी वाचली. गुलाबी सांगते, ती कोंबडी आता गाडीच्या उजव्या बाजूनेच चालते.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

दुसरी टेस्ट. नापास. या वेळी डावीकडचे चार.

गट्टीने मला गाडीतून उतरवलं, बाजूला नेलं, आवाज खाली आणला. म्हणाला, मॅडम, एकदा डोळे दाखवून घ्या. मी अडतीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे. एकदा दाखवा, एकदा भेटा, एकदा बघून घ्या, ही भाषा मला कोणी शिकवायला नको. सज्जन चेहऱ्याची माणसं असंच सुचवतात. मी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो मान खाली घालून फॉर्म भरू लागला.

आता मुद्दा लायसन्सचा राहिलेला नाही. मुद्दा देशाचा आहे. वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, खाली 'एक जागृत नागरिक'. हे सतरावं पत्र. आजवर एकही छापलेलं नाही. संपादकही कोणाच्या तरी खिशात असणार.

सेव्हरिनला फोन केला. नापास झाले म्हटल्यावर ती म्हणाली, जाऊ दे गं, घाई करू नकोस, देवाच्या मनात असेल तेव्हा होईल. आवाज अगदी प्रसन्न. किती ही सोशिक! तिच्यासाठी तरी मला लढायलाच हवं.

२७ नोव्हेंबर, रविवार

चर्चमधला मिसा सुटल्यावर विल्फी समोर आला. मी बोलवलं नव्हतं. मी फक्त त्याच्या मोटरसायकलला टेकून उभी होते.

तो म्हणाला, युलीबाय, तुमचं ऐकलं. सगळ्यांचं हेच आहे. हा गट्टी काही घेतच नाही हो, हीच तर पंचाईत. आधीचे साहेब किती सोपे होते, दिलं की झालं. आता माणसाला खरोखर गाडी चालवून दाखवावी लागते. गावाने करायचं काय?

खाटीक डायस बाजूलाच होता. तोही म्हणाला, माझ्या जावयाला तीनदा पाडला, बदली करा या माणसाची. चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा म्हणाला, असे अधिकारी आले की गोरगरिबांनी जगायचं कसं?

मी घरी येताना विचार केला. आपण काही घेत नाही असं जो माणूस सगळ्यांना जाणवू देतो, तो किती घेत असेल?

विल्फीला गायकवृंदाच्या निधीसाठी एक पाकीट दिलं. त्यावर स्वच्छ 'निधीसाठी' असं लिहिलं. तो म्हणाला, बाय, तुमची पुढची तारीख मी लावून देतो, तुम्ही आरटीओत पाय ठेवू नका. मी म्हटलं, ते तुझं तू बघ, मला यातलं काही ठाऊक नको. तत्त्वाला धक्का न लावता काम करता येतं, हे या पिढीला शिकवावं लागतं.

५ डिसेंबर, सोमवार

विल्फी सांगतो, आरटीओचा सर्व्हर बंद आहे.

७ डिसेंबर, बुधवार

विल्फी सांगतो, सर्व्हर सुरू झाला पण माझी फाइल सापडत नाही.

९ डिसेंबर, शुक्रवार

फाइल सापडली. आता फोटो सापडत नाही. विल्फी बिचारा धावतो आहे. घाम पुसत पुसत सांगत होता. यामागे गट्टीचा हात आहे, दुसरं काही नाही.

गुलाबी म्हणाली, माझ्या भावाला रिक्षाचं लायसन्स याच गट्टीने दिलं, आठ दिवसांत, नुसता फॉर्म भरून आणि टेस्ट देऊन. मी म्हटलं, तुझ्या भावाकडे घेण्यासारखं होतं तरी काय? गुलाबीने भांडी जोरात घासली.

११ डिसेंबर, रविवार

मिसाला विल्फीची बायको बाळ घेऊन आली होती. तीन महिन्यांचं बाळ, त्याला पिवळ्या लोकरीचा स्वेटर, पिवळी टोपी. आम्ही सगळ्याजणी प्रार्थनेच्या पुस्तकांनी वारा घेतोय, साडीच्या आत घामाच्या धारा, आणि ते लेकरू उकडलेल्या रताळ्यासारखं लाल. मी म्हटलं, अगं, समुद्रकाठच्या गावात स्वेटर कोणत्या अकलेच्या माणसाने दिला? ती म्हणाली, भेट आहे बाय, ज्याने दिला त्याच्यापर्यंत जायला हवं ना की घातला म्हणून. विल्फी तिला घाईघाईने बाहेर घेऊन गेला.

दुपारपासून कुस्वार करायला घेतलं. नाताळचा फराळ आमच्या घरी सेव्हरिन आणि मी मिळून करायचो. मैद्याचे गोड किडियो ती वळायची, फणीवर दाबून, एकेक जणू शिंपला. माझ्या एकटीच्या हाताने ते अळ्यांसारखे होतात. सारणाच्या नेवऱ्या मात्र उत्तम. डावीकडच्या जरा करपल्या. शेगडीचा दोष.

१२ डिसेंबर, सोमवार

आज सुचलं ते देवानेच सुचवलं.

नाताळात ताट पाठवणं ही लाच नव्हे. ताट आम्ही सगळ्यांकडे पाठवतो: शेजारी, पोस्टमन, गुलाबीच्या घरी, कोपऱ्यावरच्या भटांकडे बिनअंड्याचं वेगळं. मग सरकारी नोकरीत आहे म्हणून एखाद्या माणसाला सणापासून तोडायचं का? तो अन्यायच होईल.

आईचं निळ्या काठाचं ताट काढलं. किडियो, नेवऱ्या, चकल्या, तांदळाचे लाडू, गुळातले तीळ. वर केकचे सहा तुकडे. मग दहा. मग अख्खा केकच ठेवला. त्यावर क्रोशाचा रुमाल. कोपऱ्यात माझ्या अर्जाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली, ताट कोणाचं ते कळावं म्हणून.

गुलाबी गट्टीच्या घरी देऊन आली. तो घरी नव्हता. त्याच्या आईने घेतलं, लगेच एक चकली मोडून खाल्ली आणि बरी झाली आहे म्हणाली.

ताट रिकामं परत पाठवत नाहीत. आमच्यात नाही आणि त्यांच्यातही नाही. निदान मूठभर साखर तरी घालतातच. त्या ताटात काय परत येणार ते मला दिसतं आहे. लॅमिनेट केलेलं, माझ्या फोटोसकट.

१४ डिसेंबर, बुधवार

ताट आलं नाही. म्हणजे ठेवून घेतलं. म्हणजे ठरलं.

विल्फी म्हणतो, बाय, एवढ्यात जाऊ नका, जानेवारीत बघू. मी त्याला सांगितलं, तुझी गरज संपली, उद्या मी स्वतः जाते. तो एवढा का घाबरला कळलं नाही. सेव्हरिनला फोन करून कळवलं, रविवार पंचवीस, सकाळी दहाला फाटकाशी तयार राहा. पलीकडे जपमाळेचे मणी खुळखुळले. भरून आलं असणार.

१५ डिसेंबर, गुरुवार. दुपार

सकाळी गट्टीला पाहून डोळा मिचकावला. उजवा. त्याने विचारलं, मॅडम, डोळ्यात काही गेलंय का?

मग टेस्ट.

डावीकडचे पाच खांब. पाचच असतात. त्यानंतर फणसाच्या झाडाखालचं विल्फीचं टेबल. विल्फी वेळेवर उठला.

गट्टी फॉर्म भरत म्हणाला, मॅडम, सोमवारी तुमच्याकडून ताट आलं तेव्हा मी घरी नव्हतो. मला माहीत असतं तर घेऊ दिलं नसतं. परत करतो.

म्हणजे खाल्लं, आणि नापास केलं! मी तडक घरी आले. घेऊन काम न करणं, ही नीतीची कोणती पायरी? आमच्या वेळी काही एक सचोटी होती. बाळिगाचे मासे शुक्रवारी आले की सोमवारी माझी सही व्हायची. एकदाही मंगळवार झाला नाही.

अठरावं पत्र लिहिलं. 'आमच्या आरटीओतील एक इन्स्पेक्टर नाताळचं ताट गिळून नागरिकांना नापास करतो.' या वेळी खाली पूर्ण नाव घातलं. युलेलिया रास्किन्हा. होऊन जाऊ दे.

१९ डिसेंबर, सोमवार

छापलं!

पान चार, चौकटीत. सकाळपासून फोन. खाटीक डायसने पुढच्या पायाचं मटण फुकट पाठवलं, शाबास म्हणून. बाजारात लोक थांबवून हात मिळवतात. बाय, तुम्हीच हिंमत केलीत, आता याची बदली नक्की. घंटावाला म्हातारा म्हणाला, देव करो आणि पूर्वीसारखा माणूस येवो, दिलं की काम करणारा. गावात एवढी भ्रष्टाचारविरोधी जागृती मी कधी पाहिली नव्हती.

फक्त गुलाबीने हात मिळवला नाही. संध्याकाळी जाताना एवढंच म्हणाली, बाय, तो गट्टी आईला घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. त्याला साहेबाने मेमो दिलाय. बेळगावच्या पलीकडे कुठेतरी पाठवणार म्हणतात.

मटण नीट शिजलं नाही. दोन घास खाऊन ठेवलं.

२१ डिसेंबर, बुधवार. सकाळी सात

गट्टी स्वतः आला. सायकलवर. हातात आईचं ताट.

मी लढाईच्या तयारीने उभी राहिले. त्याने ताट व्हरांड्यात कठड्यावर ठेवलं. म्हणाला, मॅडम, ऑफिसने विचारलं, ताट घेतलं का? मी लिहून दिलं, हो, आईने घेतलं, दोन चकल्या आणि केकचा एक तुकडा खाल्ला, बाकीचं तिने गल्लीत वाटून टाकलं. खरं तेच लिहिलं. आता जे होईल ते होईल.

मी म्हटलं, मग मला पास का केलं नाहीत? एवढं सगळं करून?

मी बरीच बोलले. देश, नीती, मदर क्लोटिल्ड, सगळं सांगितलं. मग लक्षात आलं, समोर कोणी नाही. मी फाटकाशी बोलत होते. हाक मारली, गेला कुठे हा? तर आवाज आला, मॅडम, मी इथेच आहे. माझ्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

त्याने अंगणाकडे बोट दाखवून विचारलं, मॅडम, तो पडलेला खांब दिसतो का तुम्हाला?

मी म्हटलं, कुठला?

तो म्हणाला, माझ्या वडिलांचंही असंच होतं. त्यांना आम्ही वेळेवर नेलं नाही. आणि सायकलवर बसून गेला.

ताट रिकामं नव्हतं. एक नारळ, अबोलीचा गजरा, साखरेची पुडी. पुडीखाली छापील चिठ्ठी: मोफत नेत्रशिबिर, १२ जानेवारी, मंगळूरचे डॉक्टर येणार, मोतीबिंदूची तपासणी व शस्त्रक्रिया. वर पेनाने माझं नाव, नंबर ६३. रांगेत उभं राहून त्यानेच लावलेला.

उजवा डोळा हाताने झाकून पाहिलं. व्हरांडा, फाटक, गुलाबी, सगळं तांदळाच्या पेजेत बुडालेलं.

धुकं असेल. डिसेंबरात पडतं.

गुलाबी म्हणाली, बाय, ऊन पडलंय.

२२ डिसेंबर, गुरुवार

संपादकाला एकोणिसावं पत्र. लिहायला चार कागद गेले. 'माझ्या आधीच्या पत्राने गैरसमज झाला. ताट मी आपणहून पाठवलं, मागितलं कोणी नव्हतं. सदर इन्स्पेक्टर संपूर्ण प्रामाणिक आहेत आणि त्यामुळे नागरिकांची जी गैरसोय होते तिला ते एकटे जबाबदार नाहीत.' याहून खाली वाकायला मला शिकवलेलं नाही. एक प्रत आरटीओच्या साहेबाला, पोच घेऊन.

गुलाबीने पत्र वाचून घेतलं. आज माझ्यासाठी कितीतरी दिवसांनी तांदळाच्या सान्ना वाफवल्या.

२४ डिसेंबर, शनिवार

पत्र छापलं. पान चार, पण चौकट नाही.

सकाळपासून एकही फोन नाही. खाटीक डायसने मटणाचे पैसे मागितले. घंटावाला म्हातारा मला पाहून घंटेच्या मनोऱ्यात गेला. विल्फीने निधीचं पाकीट परत केलं नाही, पण तो एकटाच हसून बोलला. गट्टीचा मेमो मागे घेतल्याचं त्यानेच सांगितलं. बदली थांबली. गाव सुतकात आहे.

सेव्हरिनला फोन करायचं धैर्य झालं नाही. तीन वर्षं समुद्र न पाहिलेली बाई उद्या दहाला फाटकाशी उभी राहणार.

ठरवलं. रास्किन्हांच्या मुली बसने जात नाहीत, पण यातली एक जाईल.

२५ डिसेंबर, रविवार. नाताळ

पहाटेचा मिसा करून स्टँडवर गेले, हातात कुस्वारचा डबा. बसच्या पाट्या वाचता येईनात. रंगाऱ्याचा दोष म्हणणार होते, पण शेजारच्या कोळणीने त्याच पाट्या घडाघडा वाचल्या. तरी मी तिच्यावर विश्वास न ठेवता स्वतः बस निवडली. ती कार्कळची निघाली. मुडबिद्रीला उतरले, दुसरी धरली. कंडक्टरने तिकीट दिलं नाही आणि दोन रुपये कमी घेतले. सणाचा दिवस, म्हणून वाद घातला नाही.

साडेबाराला पोचले. सेव्हरिन फाटकाशी नव्हती. आत आपल्या खुर्चीत पाय वर घेऊन आरामात बसली होती, चेहरा असा उजळलेला की दहा वर्षं उतरलेली. बसने आलीस ना? पहिला प्रश्न हाच. हो म्हटल्यावर तिने छातीवर क्रूस केला.

आणि मग तिच्या मांडीवरचं मला दिसलं. उजवीकडून पाहत होते म्हणून दिसलं. तिने शालीखाली लपवायला घेतलं, पण उशीर झाला होता.

पिवळी लोकर. सुईवर अर्धा मोजा. एवढासा.

मी म्हटलं, सेव्हरिन.

ती म्हणाली, स्वेटर आणि टोपी आधीच दिली, मोजे राहिले होते.

मी म्हटलं, कशासाठी?

तर ती, जिने आयुष्यात शाळेच्या बागेतला पेरूसुद्धा न विचारता तोडला नाही, ती सांगते: विल्फी इथे गायला आला तेव्हा मीच त्याला सांगितलं होतं, युलीचं लायसन्स जमेल तितकं लांबव. सर्व्हर म्हण, फाइल म्हण, काय म्हणायचं ते म्हण. तो म्हणाला, बघतो, पण बाळाला काही तरी विणून द्या. चांगला मुलगा आहे गं, शब्दाला पक्का.

मी म्हटलं, मी तुझ्यासाठी लढत होते! तुला समुद्र दाखवायला!

ती म्हणाली, युली, दर रविवारी तू येईपर्यंत मी एक जपमाळ ओढते आणि तू परत पोचल्याचा फोन येईपर्यंत दुसरी. फाटकाच्या डाव्या हाताला मरियामातेची गुहा होती ना, ती कुठे आहे आता? बघ. सिस्टरांनी तिला दोनदा आत सरकवलं. तुला वाईट वाटू नये म्हणून कोणी बोललं नाही.

बाहेर जाऊन पाहिलं. मरियामाता आता स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. तिथे गाडी पोचत नाही.

मी परत येऊन तिच्याकडे पाठ करून बसले. दहा मिनिटं. आमच्या घरात, पप्पांच्या घरात, लाच! आणि तीही एजंटाला, आणि तीही माझ्याविरुद्ध, आणि तीच तेवढी लागू पडली. या देशात भ्रष्टाचार कुठवर पोचला आहे हे मला आज समजलं.

मग दोघींनी कुस्वार खाल्लं. ती म्हणाली, किडियो अळ्यांसारखे झालेत. दुपारी एक सिस्टर आश्रमाच्या जीपने आम्हाला मुल्कीला घेऊन गेली. सेव्हरिन वाळूत बसून समुद्र बघत होती. मी उजव्या डोळ्याने बघत होते. अर्धा दिसला, पण छान होता.

परतताना नेत्रशिबिराची चिठ्ठी पुन्हा वाचली. नंबर त्रेसष्ट. त्रेसष्टावा म्हणजे संध्याकाळ होणार, डॉक्टर तोवर दमणार, आणि डोळा माझा. गुलाबी सांगत होती, मंगळूरच्या त्या डॉक्टरांना गेल्याच महिन्यात मुलगी झाली.

सेव्हरिनला विचारलं, लोकर किती उरली आहे?